व्हिलनने सुधरावं की, पण माफी कोण देणार?

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ॲनिमेटेड सिरीजमधल्या व्हिलन मंडळींवर लेख आला होता, मस्त होता, फक्त शेवटी लेखकाने जे म्हटलंय ना की 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'मधल्या राजकन्या अझुलावर (व्हिलनच ती) अन्याय झाला, आधी हिरोच्या मागे लागलेल्या आणि नंतर सुधारलेल्या तिच्या भावाला, झुकोला, माफी मिळाली मग तिला का नाही, ते काही केल्या पटलं नाही म्हणून लिहितोय.

मुळात सुधारणं आणि माफी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. सुधारायचं की नाही हे व्हिलनने ठरवायचं. माफी द्यायची की नाही हे ज्याचं वाटोळं झालं त्याने ठरवायचं, प्रेक्षकांनी नाही आणि हिरोने तर अजिबात नाही. वाल्याचा वाल्मिकी झाला हे आपल्याला पाठ असतं, पण दर खुनामागे एक खडा टाकून त्याने जे रांजण भरले होते त्या खड्यांच्या घरच्यांना कोणी विचारलं का? तुमच्या लेखाचंही तसंच झालंय, सगळा वेळ अझुलाच्या मनात काय चाललंय यावर आणि तिने ज्यांना त्रास दिला ते लोक जणू नव्हतेच.

आता याच सिरीजच्या तिसऱ्या सीझनमधला 'सदर्न रेडर्स' हा एपिसोड घ्या. हिरोच्या मंडळीतली कटारा, पाणी हवं तसं वळवू शकणारी, तिच्या आईला मारणारा माणूस कोण ते झुको शोधायला मदत करतो, दोघं त्याच्यापर्यंत पोचतात, आणि तो निघतो कोण तर रिटायर झालेला, आईची बोलणी खात बाजारहाट करणारा एक म्हातारा. पाऊस चालू असतो, कटारा तो हवेतल्या हवेत थांबवते, त्या पाण्याचे बर्फाचे सुरे करून त्याच्यावर सोडते आणि अगदी त्याच्या अंगाजवळ आणून अडवते. तो काय म्हणतो, तर तुझी आई मी मारली ना मग माझी आई घे! एवढा क्षुल्लक माणूस. ती त्याला तसाच सोडून निघून येते. नंतर हिरोला, आँगला, वाटतं की हिने माफ केलं, कारण तो सुरुवातीपासून माफ कर म्हणून तिच्या मागे लागलेला असतो, तर ती स्पष्ट सांगते की मी त्याला माफ केलेलं नाही आणि कधी करणारही नाही. आणि त्याच दमात झुकोला मात्र मिठी मारते!! जीव घेतला नाही म्हणजे माफ केलं असं होत नाही, हे लहान मुलांच्या चॅनलवर २००८ मध्ये इतकं नीट दाखवलंय आणि आपण अजून तिथेच अडकलोय.

झुकोलाही काही फुकटात मिळालेलं नाही. पहिल्यांदा तो हिरोच्या मंडळीकडे येतो तेव्हा हाकलून लावतात, मग घेतात तरी कटारा एकटं गाठून दम देते की एकदा जरी घसरलास तरी तुला संपवीन. आयरोहकाका त्याची माफी मागून पुरी व्हायच्या आधीच त्याला जवळ ओढतात, पण ते काका आहेत, ती माफी त्यांची, तिच्यावरून कटाराचं खातं मिटत नाही.

'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड'मध्ये पण हेच, तिथे तर अजून कडक. स्कार नावाच्या व्हिलनने हिरोची मैत्रीण विनरी हिच्या आईवडिलांना, डॉक्टर असलेल्या माणसांना, मारलेलं असतं. पुढे तोच जखमी होऊन समोर येतो तेव्हा ती त्याच्या हाताला पट्टी बांधते, का तर आईबाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं, आणि वर सांगते की याचा अर्थ मी तुला माफ केलं असा घेऊ नकोस. स्कार पुढे चांगल्या बाजूने लढतो, म्हणजे माणूस सुधारला, माफी मिळाली नाही, आणि कुठेही गोष्ट अर्धवट राहिल्यासारखी वाटत नाही.

उलट झालं गेलं गंगेला मिळालं करून टाकलं की काय होतं ते 'स्टीव्हन युनिव्हर्स'मध्ये बघा. डायमंड म्हणवणाऱ्या परग्रहावरच्या राण्यांनी आख्खे ग्रह उजाड केले आणि शेवटी सगळं गोडीगुलाबीत मिटलं, त्यावर फॅन्स भरपूर चिडले होते. पण नंतर आलेल्या 'फ्यूचर'मध्ये (२०१९-२०) दाखवलं की सगळ्यांना सांभाळून घेणारा हिरो स्टीव्हन आतून पार मोडलाय, एका एपिसोडमध्ये तर व्हाईट डायमंडच्या शरीराचा ताबा मिळतो तेव्हा तो तिचं डोकं खांबावर आपटायला निघतो. मला सगळ्यात खरं तेच वाटलं. 'शी-रा'मध्ये व्हिलन कॅट्राच्या हट्टामुळे हिरॉइनच्या मैत्रिणीची, ग्लिमरची, आई गेली ती गेलीच, आणि पाचव्या सीझनमध्ये या दोघींचं ज्या स्पीडने जमतं ते मला तरी उरकल्यासारखं वाटलं. कॅट्रा आवडते हां, तो वेगळा मुद्दा.

लेखात असंही आहे की मुलं बघतात त्यामुळे क्षमा शिकवली पाहिजे. शिकवा ना, पण मुलांची मारामारी झाली की आपण काय करतो, ज्याने मारलं त्याला सॉरी म्हणायला लावतो आणि ज्याने मार खाल्ला त्याला लगेच हात मिळवायला लावतो, रडू पण पुरतं थांबलेलं नसतं त्याचं. यात तो दुसरा मुलगा एवढंच शिकतो की आपल्याला राग आला तर आपलंच चुकतंय.

राहता राहिली अझुला. चौदा वर्षांची पोरगी, बापाने हत्यार म्हणून वाढवलेली, शेवटी साखळीने बांधलेली, तोंडातून आग ओकत ओक्साबोक्शी रडते आणि सिरीज तिला तिथेच सोडते. वाईट वाटतंच, कोणालाही वाटेल. पण वाईट वाटलं म्हणून तिने केलेलं पुसून टाका असं कसं म्हणायचं, आणि मुख्य म्हणजे तिने स्वतः अजून काही मागितलेलंच नाही, ना माफी ना मदत. तिला उपचार मिळोत, कोणीतरी माणसासारखं वागवणारं मिळो, पुढेमागे तिला उपरती झालीच तर तीही होवो. तिच्या बापाला, ओझाईला, शक्ती काढून घेऊन तुरुंगात टाकलं, ना तो सुधारला ना त्याला कोणी माफ केलं, त्यावर लेखात एक ओळ नाही, म्हणजे माफीची मागणी फक्त आपल्याला आवडणाऱ्या व्हिलनसाठीच असते का, एवढं लेखकांनी पुढच्या वेळी लिहावं.

आपला,
एक नियमित वाचक