विळा गवतावर ठेवणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं आई तुम्हाला 'बाई'च म्हणायची, म्हणून मीही तेच लिहिते. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. तुम्हाला शनिवारी चहा पिताना इंग्रजीत सांगेनच. पण ते आईला वाचता यायला हवं. शिवाय आईवडिलांना हौसेनं परदेशी आणून खिडकीशी बसवून ठेवणारी माझ्यासारखी आणखीही मंडळी आहेत, त्यांनाही.

बुधवारी तिला हीथ्रोवर सोडलं. घरी आले तर दारात तिचे गवतानं हिरवे झालेले कॅनव्हासचे बूट. तिथंच पायरीवर बसले.

एप्रिलमध्ये ती आली तेव्हा बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. पाटण खोऱ्यात जन्मभर रानात राबलेली बाई इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यातल्या आमच्या गावात दिवसभर काचेतून पाऊस बघत बसायची, आणि मी वरच्या खोलीत एकामागून एक मीटिंगा करायचे. तिचं मन रमावं म्हणून, हाताला काही काम मिळेल का, असं दोन ठिकाणी विचारून पाहिलं. एकांनी इंग्रजी येत नाही म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यांनी लांबलचक फॉर्म भरून घेतला आणि 'कळवतो' म्हणाले. अजून कळवतायत. शेवटी गावच्या चर्चच्या आवारात, जिथं तुम्ही मंडळी दर शनिवारी जुन्या थडग्यांमधलं गवत हातानं कापता तिथं, नेते म्हटल्यावर आमच्याच नात्यातल्या एकीनं फोनवर ऐकवलं, "आत्ता कुठं नवरा गेलाय, त्या बाईला स्मशानात काय नेतेस?"

तुम्ही मात्र काहीच विचारलं नाहीत. आई फाटकाशी उभी राहून तुमच्या हातातल्या विळ्याकडे बघत होती, ते तुम्ही पाहिलंत. विळा उलटा धरून मूठ तिच्याकडे केलीत. आई मागे सरकली. मला वाटलं, झालं, आता परत खिडकी. पण तिनं बोटानं खाली दाखवलं. आमच्याकडे धारेची वस्तू हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. मी हे समजावून सांगायला तोंड उघडणार, तोवर तुम्ही वाकून विळा गवतावर ठेवला होतात. आईनं तो उचलला, अंगठ्यानं धार बघितली, नाक मुरडलं आणि धारेचा दगड मागितला.

त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी तुम्ही विळा तिच्यापुढे गवतावरच ठेवलात. का, ते एकदाही विचारलं नाहीत. जूनमध्ये एक नवीन मुलगा तिला विळा हातात द्यायला गेला, तर तुम्ही त्याला नुसती मान हलवून थांबवलंत. बाई, मला आभार मानायचेत ते एवढ्याचेच. बाकीचं सगळं त्या वाकण्यात आलं.

मागच्या वर्षी ठेकेदाराच्या माणसांनी मशीन फिरवून ऐन मे महिन्यात सगळी फुलं भुईसपाट केली होती आणि जुन्या दगडांचे टवके उडवले होते, असं तुम्ही सांगितलंत. आई त्याच थडग्यांच्या कडेनं उकिडवी बसून हातानं गवत कापत जायची. दगडाला विळा लागल्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. आणि उकिडवं बसणं तुमच्यापैकी कुणालाच जमेना, याचा तिला केवढा अभिमान!

एकदा मात्र ती चुकली. एका थडग्यावर राखाडी पापुद्रे बघून "आगं, हे तर दगडफूल! गोड्या मसाल्यातलं!" म्हणत नखानं खरवडायला गेली. तुम्ही तिचा हात धरलात. ब्रिटनमधल्या दगडफुलांच्या सुमारे २००० जातींपैकी ७०० हून अधिक अशा चर्चच्या आवारांत सापडल्यात आणि त्यांतल्या बऱ्याच वर्षाला जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर वाढतात, असं तुम्ही सांगितलंत आणि मी मराठीत. आईला आकड्यांची गरजच नव्हती. "देवराई हाय म्हणायची," असं म्हणून तिनं दोन्ही गाल थोपटून घेतले. आमच्या देवराईतून वाळकी काटकीसुद्धा घरी आणत नाहीत. त्या दिवसापासून ती फाटकाशी चपला काढायला लागली. बुटांची सक्ती तुम्हाला करावी लागली ती त्यामुळे.

जुलैअखेरीस मोठी कापणी झाली. तुम्ही सगळे लांब दांड्याचे विळे चालवत होता आणि आई दाताळ्यानं गवत ओढत होती. कापलेलं सगळं उचलून न्यायचं, नाहीतर ते कुजून माती कसदार होते, मग दांडगं गवत माजतं आणि फुलं मरतात, हे तिला काही केल्या पटेना. "खत नको म्हंत्यात? कसली ही शेती!" पण पिवळ्या फुलांच्या त्या झाडाची वाळकी बोंडं तुम्ही तिच्या कानाशी वाजवलीत, ते गवताच्या मुळांतून रस शोषून गवताचा जोर मोडतं म्हणालात, तेव्हा ती जोरात हसली. "आरं, ह्यो तर टारफुल्याचा चुलतभाऊ!" ज्वारीच्या मुळांतला रस पिणारा जो टारफुला आयुष्यभर उपटला, त्याचा भाऊ इथं मुद्दाम पेरतात! बाबा गेल्यापासून तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. तुम्हाला शब्दही कळला नव्हता, तरी तुम्हीही हसत होता.

आवार अस्ताव्यस्त दिसतं, अशी तक्रार करणारे गावात आहेत, मला माहीत आहे. त्यांना एकदा आवारातल्या यू नावाच्या त्या सदाहरित झाडाखाली तासभर बसवा. मी स्वतः तीन वर्षं त्या भिंतीशेजारून गाडी नेत होते आणि आत पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हा फार बोलायचा अधिकार मलाही नाही.

काल रात्री आईचा फोन आला. पाऊस बरा झालाय, म्हैस व्यायलीय, वगैरे. मग तुम्हाला निरोप: थंडीत विळा तसाच ठेवू नका, तेलाचा हात लावून फडक्यात गुंडाळा. आणि मूठ ढिली झालीय, ती तेवढी बसवून घ्या, एप्रिलात येते.

तुमची,
आईची दुभाषी