लाल रेघ नाही म्हणजे डेंग्यू नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली डेंग्यूच्या 'नॅनो' चाचणीची बातमी वाचली. 'निगेटिव्ह आल्यास निर्धास्त राहा' असं तुम्ही चौकटीत छापलंत. ते वाचून राहवलं नाही.

मी लॅबमध्ये ही रॅपिड कार्डं रोज हाताळतो. त्यातले सोन्याचे नॅनोकण काही नवे नाहीत, गरोदरपणाच्या पट्टीतही बहुधा तेच असतात. कणांवर अँटिबॉडी बसवलेल्या असतात. रक्तात विषाणूचं एनएस1 प्रथिन असेल तर त्याला धरून हे कण पट्टीवरून सरकतात, 'टी' या चाचणीच्या खुणेपाशी अडकतात आणि लाल रेघ उमटते. चाचणी चांगलीच आहे. पण एनएस1 हमखास सापडतं ते तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत. पुढे शरीरातल्या अँटिबॉडी त्याला घेरतात आणि कार्ड कोरं राहतं. डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असेल तर फसगत जास्त होते.

माझ्या दाजींचं हेच झालं. तापाच्या सहाव्या दिवशी एका दवाखान्यात फक्त एनएस1 कार्ड केलं. निगेटिव्ह आलं. 'व्हायरल आहे' म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. ताप उतरला तशी ताईही निश्चिंत झाली. दुसऱ्या रात्री हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मोठ्या रुग्णालयात हलवलं तेव्हा प्लेटलेट 18,000, आणि आयजीएम एलायझा (शरीराने डेंग्यूविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडी शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी) पॉझिटिव्ह. वाचले, पण आयसीयूत काढलेल्या त्या रात्री ताई अजून विसरलेली नाही. डेंग्यूत ताप उतरतानाच धोका वाढतो, हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं.

सरकारी नियमानुसारही निव्वळ रॅपिड कार्डावर डेंग्यू पक्का धरत नाहीत, एलायझा लागते. तिची आयजीएम किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही) बनवते. पुण्याच्या वृत्तपत्राला हे माहीत नसावं?

शिवाय घरच्या घरी चाचणी करा, असा सल्ला. अँटिबॉडी हेही प्रथिनच, उष्णतेने बिघडतं. खोक्यावर 30 अंशांची मर्यादा छापलेली असते आणि मे महिन्यात तीच खोकी आमच्याकडे स्कूटरच्या डिकीतून येतात. 'सी'ची, म्हणजे कार्ड चाललं हे दाखवणारी, रेघ आली म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. कृपया ती चौकट दुरुस्त करून, तापाच्या दिवसांचा उल्लेख करून, त्याच जागी पुन्हा छापा.

आणि बातमीसोबतचा डास ॲनॉफिलिस आहे, मलेरियाचा. डेंग्यूच्या एडिसच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. गेल्या पावसाळ्यातही तुम्ही हाच फोटो वापरला होता.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, पुणे