दिव्यांच्या खांबांचा कायदा

कार्डिफ, ८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आई व अप्पा यांस, साष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. येथे सर्व कुशल आहे. सतीशदादाने फोनवर तुम्हाला जे सांगितले, त्यात खरे एवढेच की वेगमर्यादा ओलांडल्याची नोटीस माझ्या नावाने आली. ‘पोलीस केस’ हा शब्द दादाचा. मला कोणी अडवले नाही, कोणी दारात आले नाही. तुम्हाला आधी कळवले नाही ते लपवण्यासाठी नव्हे; सगळे मिटले की एकदमच लिहावे, असे मनात होते.

मी गाडी भरधाव हाकतो, असे आईने मनात आणू नये. माझा वेग ताशी २८ मैल, म्हणजे ४५ किलोमीटर होता. अप्पांची स्कूटर साताऱ्याला जाताना याहून जोरात पळते. घोटाळा केला तो खांबांनी. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या रस्त्यांची मर्यादा तीस मैलांवरून वीस मैलांवर आणली, हे मला ठाऊक होते. पण जिथे वीस असेल तिथे विसाची पाटी असणारच, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात रस्त्याला दिव्यांचे खांब असतील आणि त्यांच्यातले अंतर दोनशे यार्डांहून, म्हणजे साधारण १८३ मीटरांहून, जास्त नसेल, तर वेगळी पाटी नाही तोवर मर्यादा वीसच समजायची. वस्तीत शिरताना एकदा पाटी दिसते, पुढे खांब हीच पाटी. अपवाद म्हणून जिथे तीस ठेवले आहेत, तिथे मात्र तिसाच्या लहान पाट्या पुन्हा पुन्हा लावतात. म्हणजे पाटी दिसली तर थोडे जोरात जा, न दिसली तर हळू जा! आपल्याकडे पाटी नाही म्हणजे रान मोकळे. इथे पाटी नाही म्हणजेच लगाम. हल्ली मी खांब मोजत गाडी चालवतो आणि शेजारी बसलेला मित्र हसतो.

याच मित्राने पूर्वी मला सांगितले होते की दहा टक्के जास्त वेग चालतो. तसे काही नाही. थोड्या जास्त वेगाकडे पोलीस काणाडोळा करतात, पण ती त्यांची मर्जी. कायद्याने एकवीस मैलांनाही गुन्हा होतोच.

अप्पा, ‘लोकअदालत लागेपर्यंत थांब, निम्म्यात मिटते’ असे तुम्ही सुचवलेत. इथे तशी सोय नाही. गाडी कोण चालवत होते, हे अठ्ठावीस दिवसांत कळवावे लागते. मित्राचे नाव पुढे करण्याचे तर मनातही आणू नका. पुढे ब्रिटनमध्ये मंत्री झालेल्या ख्रिस ह्यून नावाच्या पुढाऱ्याने २००३ साली अशीच शिक्षा बायकोच्या नावावर ढकलली होती. २०११ मध्ये ते उघडकीला येऊन २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. वेगाबद्दल तुरुंग नव्हता, खोटेपणाबद्दल होता.

एरवी शंभर पौंड दंड आणि परवान्यावर तीन गुण लागतात. हे गुण परीक्षेतल्यासारखे चांगले नव्हेत. आपल्याकडचा परवाना इथे वर्षभरच चालतो, म्हणून मी गेल्या वर्षी परीक्षा देऊन इथला काढला. आणि पहिल्या दोन वर्षांत सहा गुण झाले, तर तो रद्द होऊन पुन्हा शिकाऊ परवान्यापासून सुरुवात करावी लागते. सुदैवाने मला गुणांऐवजी वेगाचे भान शिकवणाऱ्या वर्गाला बसण्याची मुभा मिळाली. घरीच संगणकासमोर बसून वर्ग केला, गुण लागले नाहीत, विषय संपला. हा वर्ग तीन वर्षांत एकदाच मिळतो, एवढे मात्र आहे.

वर्गाची फी जवळपास दंडाइतकीच झाली आणि त्याच आठवड्यात गाडीच्या विम्याचा हप्ता आला. त्यामुळे मंगल कार्यालयाच्या आगाऊ रकमेत या महिन्यात वीस हजार कमी पाठवले आहेत. मार्चमध्ये नक्की भरून काढीन. चिंगीला यातले काही सांगू नका. तिच्या लग्नाला मेमध्ये दहाच दिवसांची रजा मिळेल असे दिसते, तरी हळदीच्या आदल्या दिवशी पोहोचेनच. माझ्या स्थळाचे तूर्त राहू द्या.

आईने विचारले होते की एवढी घाई कसली होती. तो दिवस साखरपुड्याचा होता. तुमच्याकडे साडेदहाचा मुहूर्त, म्हणजे इथे पहाटेचे पाच. रात्रपाळीतून थोडे आधी सुटलो होतो आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. व्हिडिओ कॉल लागला तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. मी ‘सगळे पाहिले’ म्हणालो, ते खरे नव्हते.

आपला,
नितीन