उत्तरेचं ऊन

सांगली, रविवार

मेधे,

तुझ्या मेसेजला नुसता अंगठा दाखवून गप्प बसले, घाल शिव्या. आईचं बीपी गोळीवर ठीक, माझी पाठ आहे तशीच. आता मुद्द्याचं. हे ऐकून "मग त्यात काय" म्हणणार नाहीस अशी तू एकटीच उरलीयस.

मिरज रोडच्या बाजूला एका संस्थेचं इनोव्हेशन कॅम्पस व्हायचंय. नव्या उद्योगांना हात देणारं इनक्युबेशन सेंटर, वस्तू बनवून बघायची मेकर लॅब, पोरांना बसायला-भांडायला मोकळे मजले. इमारत उभी राहिल्यावर कशी दिसेल ती थ्रीडी चित्रं माझ्याकडं. प्लॅन चांगला आहे गं, खरंच. दर्शनी बाजू उत्तरेला, म्हणजे लॅबमध्ये दिवसभर मऊ उजेड, स्क्रीनवर चमक नाही. पश्चिमेला विटांची जाळी. मी सांगलीचा १६.८५ अक्षांश टाकून जानेवारीतला सकाळी दहाचा सूर्य लावला. दर्शनी काच सावलीत, आतला जिना स्वच्छ दिसतोय. साहेबांनी क्षणभर बघितलं न बघितलं. "अंधारी वाटतंय. उद्घाटन जानेवारीत आहे, ऊन समोरून येऊ द्या."

आता तूच सांग. २३ सप्टेंबर ते २१ मार्च आपल्याकडं उत्तरेच्या भिंतीला सूर्य तोंडसुद्धा दाखवत नाही. डिसेंबरात भर दुपारी तो दक्षिणेला, ५० अंशांवर. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत काय तो दुपारीही उत्तरेला, पण तेव्हा आधी आपण भाजून निघतो आणि मग ढग. हे सगळं सांगितलं तर म्हणतात, "मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये सूर्य हलवता येत नाही का?" येतो ना! लुमिऑनमध्ये पट्ट्याच दिल्यात, एक उंचीची, एक दिशेची. ढकलला की गेला.

(आर्किटेक्चरच्या फोर्थ इयरला ज्युरीत, परीक्षकांपुढं, सावल्यांवरून तू एकटीच भांडलीस आणि मी खिडकीबाहेर बघत बसले, हे आता परत काढू नकोस. त्या शीटचा बटर पेपर माझा ढापलेला होता.)

चित्र खोटं होतंय म्हणून जीव खालीवर होत नाहीये. झाडं तर आपण कायमच मोठी लावतो, उद्घाटनालाच दहा वर्षांचा कडुनिंब. धास्ती पुढची आहे. मीटिंगला खर्च बघणारे एक गृहस्थ होते. त्यांनी ते उन्हाचं कच्चं चित्र मोठं करून बघितलं आणि म्हणाले, "इतकं छान ऊन पडतंय तर पश्चिमेला जाळी कशाला? काच लावा, लुक येईल." चित्रातलं ऊन तापत नाही ना! एप्रिलात दुपारी साडेचारला त्या काचेमागं बसून पोरांना काय डोंबल सुचणार? पडदे ओढतील, एसी अठरावर आणि भरदिवसा ट्यूबलाइट.

बंगळूरचं आयआयएम आठवतं? आर्किटेक्ट दोशींचे ते दगडी कॉरिडॉर, वरच्या पर्गोलाच्या, म्हणजे उघड्या तुळयांच्या, सावल्यांचे पट्टे, आणि तू लंगडी घालत एकेक पट्टा ओलांडत होतीस. माणसं थांबून बोलत होती ती तिथंच.

आणि हो, समोर तळं हवंय म्हणे, इमारतीचं प्रतिबिंब पडायला. सांगलीत! २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ५७ फूट पाणी होतं तेव्हा तुमच्या वाड्याचं प्रतिबिंब फुकटात पडलं होतं. काका माळ्यावरून बघत बसले होते की.

मंगळवारी फायनल द्यायचंय. त्यांचं गोड चित्र देईन, पगार तोच आहे. पण सोबत न मागितलेलं एक लावणार: पश्चिमेची बाजू, जाळी काढलेली, २० एप्रिल, साडेचार, सूर्य जिथं असतो तिथंच. अडलंय ते चित्रात उभ्या करायच्या माणसांपाशी. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतली तयार माणसं सगळी हसरी आणि कॉफीचा कप घेतलेली, वैतागलेलं एकही सापडेना. तर तू उन्हाकडं तोंड करून, कपाळावर हात धरून, एक फोटो काढून पाठव. उभी राहा, पूर्ण अंग येऊ दे, मागं पांढरी भिंत. कापून बसवते तुला काचेमागं.

सासूबाईंचा गुडघा कसाय? चिनूला दहावीचं फार छळू नकोस. नाशिकला यायचं नक्की, पण मंगळवारनंतर बोलू. फोटो उद्या दुपारपर्यंत हवा, आणि गॉगल घालू नकोस.

तुझी,
वैशू