पाचट नुसते सोडून खत होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या शेतीच्या पानावरचा उसाच्या पाचटावरचा, म्हणजे तोडणीनंतर शेतात राहणाऱ्या वाळक्या पाल्यावरचा, लेख वाचला आणि राहवले नाही. ‘पाचट सरीत पसरा, खत आपोआप होते’ आणि जाळणारे शेतकरी म्हणे अडाणी. जाळू नये हे मलाही मान्य आहे. पण ‘आपोआप’ हा शब्द कुणी लिहिला?

3 वर्षांपूर्वी मी अगदी तसेच केले. जानेवारीत ऊस तुटला, पाचट सरीत दाबले, पाणी सोडले. महिन्याभरात अख्खा खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक, पिवळा. शेजारचे तात्या बांधावरून म्हणाले, “काडी लावली असतीस तर ही येळ आली नसती.” मला तोंड वर करता आले नाही.

पाचटात कर्ब भरपूर, नत्र जेमतेम अर्धा टक्का. कुजवणारे जिवाणू मग जमिनीतले नत्र ओढतात आणि पीक उपाशी राहते. म्हणून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणाऱ्या जिवाणूंचे कल्चर टाकायचे. एकरी 3 ते 4 टन पाचट निघते. बुडखे जमिनीलगत छाटायचे, त्यांच्यावरचे पाचट बाजूला ओढायचे, ओल मोडू द्यायची नाही. ही शिफारस जुनीच आहे, लेखात तिचा एक शब्द नाही.

पुढच्या वर्षी हे सगळे केले. पावसाळ्यात सरीत हात घातला तर काळे, भुसभुशीत खत आणि बोटाला गांडुळे. मूठभर तात्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी वास घेतला आणि विचारले, “कल्चर कुठं मिळतं?”

खरे दुखणे तिथेच आहे. तालुक्याच्या दुकानातून त्यांनी आणलेल्या पाकिटांची मुदत 4 महिन्यांपूर्वीच संपली होती. मेलेल्या जिवाणूंनी पाचट कसे कुजायचे? वैतागून त्यांनी पुन्हा काडी लावली. त्यांना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. यावर लिहा ना!

आणि छापलेला फोटो भाताच्या धसकटांचा होता. उसाचे पाचट बघायचे तर आमच्या गावात या, मी दाखवतो.

तोडणी सुरू आहे. टनाला काय आणि किती टाकायचे, ते याच आठवड्यात त्याच पानावर ठळक चौकटीत छापावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक ऊस उत्पादक
ता. वाळवा, जि. सांगली