एम्बेडेड प्रयोगशाळेसाठी 30 रोबोटिक्स किट हवे आहेत: माजी विद्यार्थी संघाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाची मुलंमुली एम्बेडेड सिस्टिम्सची (यंत्राच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांची) प्रात्यक्षिकं आजही 8051 या मायक्रोकंट्रोलर चिपच्या ट्रेनर किटवर करतात. इंटेलने 1980मध्ये आणलेली ही चिप. पाया पक्का करायला ती अजूनही उपयोगी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण एलईडी लुकलुकला, स्टेपर मोटर फिरली, जर्नलवर सही झाली की विषय संपतो. जमिनीवरच्या रेघेवरून चाकांवर धावणाऱ्या रोबोचं तसं नसतं. इंटरप्टला (चालू काम थांबवून चिपचं लक्ष वेधणाऱ्या हाकेला) वेळेत उत्तर मिळालं नाही तर तो रेघ सोडून भिंतीवर जातो, आणि मग कारण शोधावंच लागतं. हे शोधणं म्हणजेच एम्बेडेडचं काम.

कोणता किट घ्यायचा यावर विभागातल्या शिक्षकांबरोबर बरीच चर्चा झाली. तयार, चकचकीत संच आम्ही बाजूला ठेवले. लेगोने माइंडस्टॉर्म्स या रोबो संचांची मालिका 2022च्या अखेरीस बंद केली. एका कंपनीच्या बंदिस्त संचावर प्रयोगशाळा उभी करण्यातला धोका त्यातून दिसतो. आर्डुइनो उनो हा बोर्ड पहिल्या वर्षाला उत्तम आहे. मात्र त्याच्या आर3 आवृत्तीत फक्त 2 केबी रॅम, आणि कोडच्या एका ओळीत पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग कमीजास्त करणारा चालू-बंद सिग्नल) मिळत असल्याने तो तयार करणारा आतला टायमर मुलांना कधी दिसतच नाही. कोड बोर्डवर डंप करायचा (चढवायचा), चालला तर चालला, नाही तर पुन्हा डंप करायचा, असं होतं.

म्हणून आम्ही एसटीएम32 न्यूक्लिओ एफ401आरई हा बोर्ड निवडला. 84 मेगाहर्ट्‌झचा कॉर्टेक्स-एम4 प्रोसेसर, 96 केबी रॅम. आमच्या लेखी त्याहून महत्त्वाचं म्हणजे डीबगर (चूक शोधायचं साधन) बोर्डवरच बसवलेला आहे. प्रोग्राम मधेच थांबवून रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या छोट्या स्मृतिकप्प्यांत) काय आहे ते पाहता येतं. त्याहून स्वस्त ‘ब्लू पिल’ बोर्ड मिळतात, पण त्यांवर नकली चिप सर्रास सापडते, आणि चूक आपली की चिपची या गोंधळात नवशिक्याचा धीर सुटतो.

मोटर एन्कोडरवाल्या (फेरे मोजणाऱ्या) एन20 घ्यायच्या. पिवळ्या बीओ मोटर खूप स्वस्त पडतात, पण चाक किती फिरलं हे त्या सांगत नाहीत. मग पीआयडी (चूक मोजून वेग सतत सुधारत राहण्याची पद्धत) फळ्यावरच राहतं. मोटर ड्रायव्हर (चिपच्या हुकमावर मोटरला वीज देणारा भाग) टीबी6612. सगळीकडे दिसणारा एल298एन सुमारे दोन व्होल्ट स्वतःच खातो, दोन लिथियम सेलवर चालणाऱ्या गाडीला ते परवडत नाही. यातला प्रत्येक भाग सुटा मिळतो, त्यामुळे एक जळला तर तेवढाच बदलता येईल.

अशा एका संचाचा खर्च सेल, चार्जर आणि छोट्या लॉजिक ॲनालायझरसह (डिजिटल सिग्नल पाहायच्या उपकरणासह) साधारण 5,000 रुपये येतो. 60 विद्यार्थ्यांना दोघांत एक याप्रमाणे 30 संच, म्हणजे दीड लाख रुपये. दोघांत एक हा आमचा आग्रह आहे. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र उपक्रमातला फायर बर्ड रोबो आमच्यातल्या काहींनी हाताळला आहे. रोबो फारच चांगला, पण एकाभोवती पाचसहा जण जमले की एक जण टाइप करतो आणि बाकीचे बघत उभे राहतात. त्या बघणाऱ्यांत बहुतेक वेळा मुली असतात. हे संच कपाटात कुलूपबंद राहणार नाहीत. ग्रंथालयातल्या पुस्तकासारखे नोंद करून ते सत्रभर होस्टेलवर किंवा घरी नेता येतील. रात्री जागून जे शिकून होतं ते दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये होत नाही, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे.

आपण एका संचाची पूर्ण रक्कम देऊ शकता, अर्ध्या संचाची देऊ शकता, किंवा जमेल तेवढी. कंपनीत वापरातून काढलेले पण चालू स्थितीतले ऑसिलोस्कोप आणि सोल्डरिंग स्टेशनही हवे आहेत. चाकण, हिंजवडी भागात गाड्यांच्या ईसीयूवर (गाडीतल्या नियंत्रक संगणकावर) काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींनी महिन्यातला एखादा शनिवार दिला तर आणखी मोलाचं होईल. फ्रीआरटीओएस (छोट्या चिपवर अनेक कामं वेळेत चालवणारी प्रणाली) आणि कॅन बस (गाडीतल्या भागांना जोडणारं संदेशजाळं) शिकवणारं माणूस आम्हाला पैशांइतकंच हवं आहे.

रक्कम संघाच्या नावे चेकने किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयात जमा करावी, पावती लगेच मिळेल. नवं सत्र सुरू होण्याआधी खरेदी करायची आहे. खरेदीची बिलं आणि संचांची यादी विभागाच्या सूचनाफलकावर लावली जाईल.

आपले,
माजी विद्यार्थी संघाचे कार्यकारी मंडळ