गाईड नुसता ‘सोबत’ नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला हेलिकॉप्टर स्कीइंगवरचा, म्हणजे हेलिकॉप्टरनं डोंगरावर जाऊन बर्फावरून घसरत खाली येण्याच्या खेळावरचा, पानभर लेख दोनदा वाचला. लेखात हेलिकॉप्टरचं कौतुक आहे, कोऱ्या बर्फाचं आहे, हॉटेलातल्या गरम पाण्याच्या टबाचंही आहे. ज्याच्या जिवावर हा सगळा खेळ चालतो त्याच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं: ‘सोबत अनुभवी गाईडही असतो.’ आणि त्याच्या खाली चौकटीत ठळक अक्षरांत, ‘नवशिक्यांनाही सहज जमते.’ पहिल्या वाक्याचं वाईट वाटलं. दुसऱ्या वाक्याचा संताप आला, कारण त्यानं कुणाचा तरी जीव जाऊ शकतो.

माझा सख्खा पुतण्या हिवाळ्यात मनालीला हेच काम करतो. टेल गाईड, म्हणजे सगळे खाली गेले की शेवटी उतरणारा. वाटेत कुणी पडलं, अडकलं तर तिथं पोचणारा. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेला, आमच्या चादरीच्या कारखान्यात लपाछपी खेळलेला पोरगा. मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत एकामागून एक कोर्स केले, वर्षानुवर्षं जुन्या गाईडांच्या हाताखाली राबला, तेव्हा कुठं हे काम मिळालं. आता जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेला तो घरी नसतो. नातेवाईक विचारतात, ‘बर्फात माणसं फिरवतो म्हणे?’ त्यांना माहीत नाही, हे मी समजू शकतो. पण तुम्ही पानभर लिहिता तेव्हा तुम्हाला माहीत असायला हवं. माझ्या भावजयीनं लेख वाचून पेपर माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, “भाऊजी, ह्यात आपल्या पोराचं काम कुठंय?” मी काय सांगणार?

हा व्यवसाय सुरू केला तोच मुळी एका गाईडनं. हान्स ग्मोझर, ऑस्ट्रियातून कॅनडात गेलेला पर्वतारोहण गाईड. १९६५ मध्ये त्यानं ब्रिटिश कोलंबियातल्या बुगाबू डोंगरांत हेलिकॉप्टरनं गिऱ्हाइकं वर न्यायला सुरुवात केली. म्हणजे आधी गाईड, मग हेलिकॉप्टर. तुमच्या लेखकानं नेमकं उलटं केलं.

नेहमीच्या स्कीइंगच्या उतारावर रोपवे असतो, यंत्रानं दाबून घेतलेला बर्फ असतो, कडेला खुणेच्या काठ्या असतात. हेलिकॉप्टर जिथं सोडतं तिथं यातलं काहीही नसतं. मनालीकडच्या हनुमान टिब्बा, देव टिब्बा या शिखरांवर, रोहतांगच्या वरच्या अंगाला कालचा बर्फ कसा पडला, रात्री वारा कुठून सुटला, हे ज्याला कळतं तोच तिथं माणसं उतरवू शकतो. वाऱ्यानं आणून रचलेला बर्फ वरून घट्ट दिसतो आणि खाली भुसभुशीत थर दडलेला असतो. वर माणसाचं वजन पडलं की खालचा थर बसतो आणि वरचा अख्खा सुटून निघतो. ३० ते ४५ अंशांचा उतार स्कीइंगला सगळ्यांत मजेचा, आणि हिमस्खलनही बहुतेक त्याच उतारांवर होतं. त्यात सापडणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यानं सुरू केलेलं असतं. म्हणून गाईड आधी खड्डा खणतो, बर्फाचा एक चौकोनी खांब मोकळा करतो, त्यावर फावडं ठेवतो आणि ठोकतो. दहा ठोके मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या ठोक्याला थर सुटला आणि कसा सुटला, हे बघून तो ठरवतो की हा उतार घ्यायचा की सोडायचा. कधी कधी त्या दिवशी उडायचंच नाही असंही ठरतं. गिऱ्हाइकानं लाखो रुपये भरलेले असतात आणि समोर स्वच्छ ऊन पडलेलं असतं, तरीही. हे ‘नाही’ म्हणणं म्हणजेच त्याची नोकरी.

मागच्या मे महिन्यात पुतण्या घरी आला होता. सोबत दोन ट्रान्सीव्हर होती. छातीला पट्ट्यानं बांधायचं छोटं यंत्र, ४५७ किलोहर्ट्झवर सतत सिग्नल सोडणारं. कुणी बर्फाखाली गेलं की बाकीच्यांनी आपलं यंत्र शोधण्यावर लावायचं आणि त्या सिग्नलच्या मागं जायचं. घरातल्या पोरांनी हट्ट धरला, दाखव म्हणून. अक्कलकोट रोडच्या गोदामात त्या दिवशी माल पडून होता. त्यानं एक यंत्र चादरींच्या गठ्ठ्यांत कुठंतरी खाली पुरलं, दुसरं माझ्या नातीच्या हातात दिलं, सगळ्यांचे मोबाईल बाहेर ठेवायला लावले, कारण मोबाईलनं सिग्नल बिघडतो. मला म्हणाला, “काका, तुम्ही फक्त घड्याळ बघा.”

पत्रा तापलेला, पोरं घामानं निथळत होती. यंत्रावर अंतराचा आकडा आला, तीसच्या आसपास. बाण दिसेल तसं चालायचं, पण तो बाण सरळ नेत नाही, वळसा घालून नेतो, त्यामुळं पोरं दोनदा भिंतीपाशी गेली. मग आकडा उतरू लागला. दहाच्या खाली आल्यावर पुतण्या ओरडला, “आता पळू नका, यंत्र खाली धरा.” नात गुडघ्यांवर बसली, यंत्र गठ्ठ्यांना टेकवून आडवं-उभं फिरवलं, सगळ्यांत छोटा आकडा जिथं आला तिथं हात ठेवला. इथवर फारसा वेळ लागला नव्हता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुतण्यानं टाळी वाजवली नाही. “आता काढा बाहेर,” म्हणाला. एकेक गठ्ठा ओढायचा, मागच्यानं तो पलीकडं सारायचा, जागा नाही, एकमेकांच्या पायात पाय. पंधरा मिनिटं होऊन गेल्याचं मी सांगितलं तेव्हा पोरं अजून यंत्रापर्यंत पोचलीच नव्हती. पुतण्या शांतपणे म्हणाला, “माणूस असता तर आता फार उशीर झाला असता. आणि हे तर सुटे गठ्ठे आहेत.” हिमस्खलन थांबलं की बर्फ ओल्या सिमेंटसारखा आवळून बसतो, आतल्या माणसाला बोटसुद्धा हलवता येत नाही. खणायलाच सगळ्यांत जास्त वेळ जातो, म्हणून फावडं कसं मारायचं, कुणी पुढं राहायचं, कुणी मागं, याचीही तालीम असते. गिऱ्हाइकांकडूनही पहिल्या दिवशी गाईड ही तालीम करून घेतो, मगच हेलिकॉप्टर दिसतं. तुमच्या लेखात ट्रान्सीव्हर नाही, फावडं नाही, बर्फात खुपसायची लांब सळई नाही. गरम पाण्याचा टब आहे.

आता त्या ‘नवशिक्यांनाही सहज जमते’ या वाक्याबद्दल. आमच्या ओळखीतल्या काही मुलांना शहरातल्या एका एजंटानं हेच वाक्य ऐकवलं होतं. पायात स्की कधी घातली नव्हती. एजंट म्हणाला, तिथं शिकवतात, काळजी नको. मुलांनी सगळे पैसे आगाऊ भरले. तिथं गेल्यावर गाईडनं त्यांना मनालीजवळच्या सोलंगच्या साध्या उतारावर चार वळणं घ्यायला सांगितली. तीही जमेनात. खोल, न दाबलेल्या बर्फात तोल सांभाळणं तर त्याहून कितीतरी अवघड. गाईडनं नेण्यास साफ नकार दिला आणि कारणही समजावून सांगितलं. एजंटानं पैसे परत केले नाहीतच, वर गावभर सांगत सुटला की गाईड माजोरी होता, गिऱ्हाइकांचा अपमान करून पाठवलं. ज्या माणसानं त्या मुलांचे प्राण वाचवले असण्याची शक्यता आहे, त्याची बदनामी. आणि आज तुमच्यासारखं जबाबदार दैनिक त्या एजंटाचंच वाक्य चौकटीत छापतं! उद्या तो हे कात्रण दुकानात लावेल, याचा विचार तरी केलात का?

गाईड असला म्हणजे धोका संपला, असंही मी म्हणत नाही. १९९१ च्या मार्चमध्ये त्याच बुगाबू भागात हिमस्खलनात नऊ जण गेले. २०२१ च्या मार्चमध्ये अलास्कातल्या निक हिमनदीजवळ स्कीइंगला निघालेलं हेलिकॉप्टर कोसळलं. चेक प्रजासत्ताकातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ पेत्र केल्नर त्यात होते. पाच जण गेले, त्यांत दोन गाईड होते. ती बातमी आली त्या संध्याकाळी माझी भावजय पोराचा फोन लागेपर्यंत जेवली नव्हती. आपल्याकडं गुलमर्गला २०२३ मध्ये पोलंडचे दोन आणि २०२४ मध्ये रशियाचा एक स्कीअर हिमस्खलनात दगावला. हे तिघं हेलिकॉप्टरनं गेले नव्हते, पण बर्फ माणूस कशानं वर आला ते विचारत नाही. या बातम्या तुमच्याच अंकात आल्या असतील. लेख लिहिताना त्या काढून बघायला हव्या होत्या.

फोटोबद्दलही सांगतो. फोटोतला तरुण फिरत्या पंख्याखाली स्की खांद्यावर उभ्या घेऊन चाललाय. हेलिकॉप्टरजवळ स्की हातात आडव्या आणि खाली धरून, वाकून जायचं असतं, आणि शेपटीच्या पंख्याकडं तर फिरकायचंही नसतं. पहिल्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांत गाईड हेच सांगतो. लेखातलं ‘युरोपात कुठेही हा आनंद घेता येतो’ हेही खरं नाही. फ्रान्समध्ये मौजेसाठी डोंगरावर हेलिकॉप्टरनं उतरवण्यास १९८५ च्या कायद्यानं बंदी आहे, जर्मनीतही बंदी आहे, ऑस्ट्रियात आर्लबर्ग भागातल्या दोनच जागांना मुभा होती आणि स्वित्झर्लंडमध्ये ठरवून दिलेल्या जागांवरच उतरता येतं.

पत्र लांबलं, पण आणखी एक गोष्ट लिहितोच. हेलिकॉप्टरला अख्खं पान मिळतं आणि भागवार पाण्याचं वेळापत्रक छापायला तुमच्याकडं जागा नाही. पूर्वी ते रोज यायचं, आता बंद केलंत. आमच्याकडं पाणी दिवसाआड सोडाच, कित्येक दिवसांआड येतं, आणि कधी येणार ते कळत नाही म्हणून बायका रात्री नळाची तोटी उघडी ठेवून जागत बसतात. उजनी धरण भरल्याचा मोठा फोटो तुम्ही छापलात. ते पाणी आमच्या पेठेत कोणत्या वारी येणार, तेवढं छापा.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. नवशिक्यांबद्दलचं ते वाक्य चुकीचं असल्याचा खुलासा येत्या रविवारी त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा. आणि पाण्याचं वेळापत्रक आतल्या पानावर का होईना, पण उद्यापासून सुरू करावं. हे पत्र कापलंत तरी चालेल, मात्र ट्रान्सीव्हरचा आणि एजंटाचा भाग कापू नये, ही विनंती.

कळावे,
आपला जुना वाचक,
अक्कलकोट रोड, सोलापूर